जळगावात नव्या रुग्णवाहिका बघायला मिळाल्या : घेण्याआधी काय तपासायचं?

तापीकाठ

मंडळी, मागच्या आठवड्यात रुग्णवाहिका बनवणाऱ्या एका कंपनीने आपल्या नव्या गाड्या जळगावात दाखवायला आणल्या होत्या. सरकारी सेवेतले डॉक्टर आणि पायलट (रुग्णवाहिकेच्या चालकाला आम्ही पायलट म्हणतो), खासगी हॉस्पिटलवाले, नगरपालिकांचे कर्मचारी, आमच्यासारख्या ट्रस्टच्या दवाखान्यांतले लोक असे बरेच जण जमले होते. मी चोपडा तालुक्यात असतो, रुग्णवाहिकेवर डॉक्टर म्हणून जातो. आमच्या संस्थेला यंदा नवीन गाडी घ्यायची आहे, देणग्याही बऱ्यापैकी जमल्या आहेत, म्हणून मुद्दाम गेलो.

इथे लिहितोय कारण खान्देशात बऱ्याच रुग्णवाहिका आमदार-खासदार निधीतून नाहीतर देणगीतून येतात, आणि कोणती गाडी घ्यायची हे ठरवणारा माणूस तिच्या मागच्या भागात सहसा कधी बसलेला नसतो. तो बॉनेट बघतो, दिवे बघतो, किंमत विचारतो. पेशंटचा जीव मात्र मागे असतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, जाहिरातही नको आणि बदनामीही नको.

आधी एक मूलभूत गोष्ट. आपल्याकडे रुग्णवाहिकेसाठी एआयएस-१२५ हे मानक आहे. त्यात चार प्रकार येतात. ए प्रकार फक्त मदत घेऊन पोचतो, त्यात पेशंट नेता येत नाही. बी प्रकार ज्याची तब्येत वाटेत बिघडण्याची शक्यता नाही अशा पेशंटची ने-आण करण्यासाठी. सी म्हणजे बेसिक लाईफ सपोर्ट, वाटेत जीव सांभाळण्याच्या प्राथमिक सोयींची; डी म्हणजे ॲडव्हान्स्ड, त्याहून प्रगत सोयींची. आपल्याकडे होतं काय, बी प्रकारची गाडी स्वस्त पडते म्हणून घेतात, तिच्यावर सायरन असतो, आत सिलिंडर असतो, आणि दुसऱ्याच दिवशी तिच्यातून विषबाधेचा पेशंट जळगाव सिव्हिलला रेफर होतो. आत ना सक्शन (घशातली उलटी-लाळ ओढून काढणारं यंत्र), ना मॉनिटर. म्हणून कंपनीला पहिला प्रश्न हाच विचारा की ही गाडी कुठल्या प्रकारात मंजूर आहे, आणि कागद दाखवा.

गाड्या तीन होत्या. एक मोठी डी प्रकारची, एक मधली सी प्रकारची, आणि एक जीपच्या चॅसीवर (सांगाड्यावर) बांधलेली छोटी. मोठीभोवती गर्दी होती. मी परवानगी घेऊन तिच्या स्ट्रेचरवर आडवा झालो, पट्टे लावून घेतले आणि आमच्या पायलटला मैदानाबाहेर एक चक्कर मारायला सांगितलं. आडवं झाल्यावर ज्या गोष्टी कळल्या त्या उभं राहून कळल्या नसत्या. छतातला दिवा थेट डोळ्यांत येत होता. पहिल्याच गतिरोधकावर सलाईनचा हूक सुटून माझ्या चेहऱ्यावर झुलायला लागला, त्याला खालून धरून ठेवणारी दुसरी पकड नव्हती. सक्शनचं बटण समोरच्या भिंतीवर, म्हणजे बाजूच्या सीटवर बसलेल्याने पट्टा सोडल्याशिवाय हात पोचत नाही. उलटी श्वासनलिकेत जायला लागली तर तो पट्टा सोडणारच, आणि नेमकी त्याच वेळी समोर म्हैस आली तर?

मधल्या गाडीत हीच मांडणी फार विचार करून केलेली दिसली. पेशंटच्या डोक्यामागे एक सीट, तिथे बसलं की सक्शन, ऑक्सिजनचा फ्लोमीटर, मॉनिटर, अंबू बॅगचा (हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीचा) कप्पा सगळं हाताच्या अंतरावर. पट्टा लावूनही पुढे वाकता येतं, कारण तो खेचला की सैल सुटतो आणि ब्रेकला अडकतो. त्यांनी सीपीआरचा, म्हणजे हृदय थांबलेल्याची छाती दाबायच्या सरावाचा, पुतळाही आणला होता. मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल, हे चालत्या गाडीत करून बघा म्हणावं. मी आणि धुळ्याच्या एका डॉक्टरांनी आळीपाळीने केलं. मोठ्या गाडीत जागा जास्त असूनही पाय कुठे रोवायचे कळत नव्हतं, मधल्या गाडीत स्ट्रेचरची उंची आणि बाजूचा दांडा यामुळे निदान तोल सांभाळता आला.

दुसरी गोष्ट आगीची. नोव्हेंबर २०२४ मध्ये एरंडोलहून जळगावला गर्भवती महिलेला नेणारी रुग्णवाहिका दादावाडीजवळ महामार्गावर पेटली होती, आठवत असेल. चालकाला इंजिनमधून धूर दिसला, त्याने लगेच सगळ्यांना उतरवून लांब नेलं, आणि थोड्याच वेळात ऑक्सिजन सिलिंडरचा स्फोट झाला. त्या माणसाच्या प्रसंगावधानामुळे माणसं वाचली. तेव्हापासून मी प्रत्येक गाडीत सिलिंडर कुठे आहे, वायरिंग त्याच्या किती जवळून जाते, आणि पेशंटसकट बाहेर पडायला दुसरा दरवाजा आहे का हे आधी बघतो. बंद केबिनमध्ये ऑक्सिजन गळत असेल तर साधी ठिणगीही भडकते. तिन्ही गाड्यांत सरकता बाजूचा दरवाजा होता, पण मोठीमध्ये तो आतून उघडायची कडी नातेवाइकांच्या बाकाच्या मागे दडलेली. अंधारात, धुरात ती कोणाला सापडणार?

छोट्या गाडीबद्दल मला सर्वात जास्त उत्सुकता आहे, कारण आमच्याकडे वैजापूरच्या बाजूला सातपुड्यात वर चढावं लागतं. मोठ्या गाड्या तिथे वळतच नाहीत. पण छोट्यात छत खालचं, बसून काम करावं लागतं. धडगाव, अक्कलकुवा, यावल, रावेरकडच्या लोकांनी अनुभव सांगावेत. पायलट, नर्स, गॅरेजवाले, सगळ्यांनीच.

---

भुसावळ_जंक्शन

फार उपयोगी धागा. माझा मुद्दा एसीचा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या बंद गाडीत तापलेला पेशंट, त्यात उष्माघाताचा असला तर त्याला अजून भाजत न्यायचं का? पुढचा एसी आणि मागचा एसी वेगळा आहे का हे विचारा. नुसती पुढून मागे हवा ढकलणारी सोय असेल तर मागे काही पोचत नाही. आणि चाचणी सकाळी दहाला घेऊ नका, दुपारी दोनला गाडी दोन तास उन्हात उभी करून मग एसी लावा.

औषधांचंही तेच. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला लागणारं ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. छोटा फ्रिज किंवा निदान आइसपॅकची पेटी बसवायची जागा आहे का?

---

धडगावकर_मास्तर

तापीकाठ, धन्यवाद. मी शिक्षक आहे, आरोग्य खात्यातला नाही. पण आमच्या भागात आजाऱ्याला खाली न्यायचं काम शेवटी सगळं गाव करतं, म्हणून लिहितो.

पाड्यापासून रस्त्यापर्यंत पेशंट आजही बांबूच्या झोळीतून येतो. वर्तमानपत्रांनी त्याला बांबुलन्स नाव देऊन टाकलं. म्हणजे रुग्णवाहिकेचं काम सुरू व्हायच्या आधी आमचं काम तास-दोन तास झालेलं असतं. तेव्हा माझी मागणी अशी की गाडीत असा स्ट्रेचर असावा जो काढून पाड्यापर्यंत नेता येईल. चाकांची ट्रॉली आमच्या पायवाटेवर निरुपयोगी. दोन भागांत उघडणारा स्कूप, किंवा कडा उंच असलेला आणि चारी बाजूंनी धरता येणारा हलका स्ट्रेचर, पट्ट्यांसकट. झोळीत माणूस दुमडून येतो. कंबर किंवा मणका मोडलेल्याचं काय होत असेल विचार करा.

दुसरं, घाट. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये चांदसैली घाटात दरड कोसळली होती. वाहन पुढे जाईना, एका वृद्धाने आजारी बायकोला खांद्यावर घेऊन चालायला सुरुवात केली आणि वाटेतच तिचा जीव गेला. तेव्हा नुसत्या गाडीने भागत नाही हे खरं, पण छोटी, फोर बाय फोर, कमी वळणजागेत फिरणारी गाडी वरच्या बाजूला कायम उभी असेल आणि मोठी खाली कोठारला थांबेल, अशी दोन टप्प्यांची रचना तरी करता येईल.

नर्मदेच्या काठच्या गावांना तर गाडीचाही उपयोग नाही. सरदार सरोवराच्या पाण्यामुळे तिथे बोट हीच रुग्णवाहिका. तरंगता दवाखाना तिथे फिरतो. कोरोनाच्या काळात चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका स्वतः होडी वल्हवत गरोदर बायांपर्यंत आणि लेकरांपर्यंत पोचत होत्या. कंपन्यांनी कधीतरी बोटीचंही प्रात्यक्षिक ठेवावं.

---

चाळीसगाव_गॅरेज

गाड्या दुरुस्त करतो, त्यात रुग्णवाहिकाही येतात. दोन गोष्टी सांगतो ज्या कोणी विचारत नाही.

एक, धक्के. या गाड्या बहुतेक मालवाहू किंवा प्रवासी चॅसीवर बांधलेल्या असतात. पाटे, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, पूर्ण भाराच्या हिशोबाने बसवलेले. रुग्णवाहिकेत माणसं चार-पाच, सामान थोडं, म्हणून पाटा दबतच नाही आणि गाडी उडते. मणका मोडलेल्या पेशंटला तेच बाधतं. मागे पाट्याऐवजी एअर सस्पेन्शन किंवा निदान पाट्यांची संख्या बदलून मिळते का विचारा. आणि चाचणी रिकाम्या गाडीची घ्या, भरलेली गाडी सगळीच मऊ चालते.

दोन, बॅटरी. व्हेंटिलेटर, मॉनिटर, सक्शन, सिरिंज पंप, सगळं इनव्हर्टरवर. गाडीच्याच बॅटरीवर ते जोडलेलं असेल तर पेशंट घेऊन उभी असलेली गाडी सुरूच होत नाही. मागच्या सामानासाठी वेगळी बॅटरी हवी आणि मधे आयसोलेटर हवा, म्हणजे मागची उतरली तरी इंजिनची शाबूत राहते. गाडी उभी असताना दवाखान्याच्या प्लगवरून चार्ज करायची बाहेरची सॉकेट पण मागा.

आणि वायरिंगचा नकाशा कागदावर लिहून घ्या! बॉडी परराज्यात बांधून येते, सहा महिन्यांनी ब्लिंकर बंद पडला तर आम्ही पॅनेल फोडून वायर शोधत बसतो. फोडलेल्या पॅनेलमागे मग नवीन जोड, नवीन टेप. आगी अशाच लागतात.

---

स्टाफनर्स_पाचोरा

मागे बसणाऱ्यांपैकी मी एक. लादीकडे बघा. कापसावर फवारणी करताना किंवा रागाच्या भरात कीटकनाशक पोटात गेलेला पेशंट वाटेत उलट्या करतो, लाळ गळते, कपडे भिजलेले असतात. त्याच वासाने आम्हालाही गरगरतं. एक्झॉस्ट पंखा खरंच हवा ओढतो का ते कागदाचा तुकडा जवळ धरून बघा. खाली प्लायवर रेक्झिन चिकटवलेलं असेल तर रक्त आणि उलटी सांध्यातून आत जाते, महिनाभरात वास येतो, कितीही फिनाईल टाका. एकसंध लादी, जी भिंतीला कोपऱ्यात गोलाई घेऊन वर चढते, तीच घ्या. पाईप मारून धुता आली पाहिजे.

बाळंतपण गाडीतच झालं असं आम्ही खूपदा अनुभवतो. तेव्हा पायथ्याच्या बाजूला उभं राहायला जागा लागते, आणि तिथे प्रकाश लागतो. सगळ्या गाड्यांत दिवा डोक्याकडे. एक हलवता येणारा दिवा पायाकडे द्या म्हणावं. आणि मागच्या काचांना पडदा नको, खालून अर्ध्या दुधी काचा हव्यात. सिग्नलला थांबलं की लोक आत डोकावतात, मोबाईल काढतात.

---

फुल्डाकर_अमळनेरी

मूळ गाव अमळनेर, कामासाठी जर्मनीत. इथे फुल्डा शहरात दर मे महिन्यात रेटमोबिल नावाचं मोठं प्रदर्शन भरतं, फक्त बचाव आणि रुग्णवाहिका या विषयावर. कंपन्या गाड्या आणतात आणि बघायला येतात ते गाडीवर काम करणारे पॅरामेडिक. युरोपात रुग्णवाहिकांसाठी ईएन १७८९ हे मानक आहे. त्यात एक अट अशी की आतली प्रत्येक वस्तू गुरुत्वाच्या दहापट ताण सोसेल अशी बांधलेली हवी, आणि तो ताण देऊन बघतात. म्हणजे पंधरा किलोचा सिलिंडर धडकेच्या क्षणी दीडशे किलोसारखा ओढतो. आपल्याकडे तो साध्या पट्टीने बांधलेला बघितला की पोटात गोळा येतो. जळगावच्या लोकांनी कंपनीकडे धडक चाचणीचा अहवाल मागावा.

दुसरं एक इथे शिकण्यासारखं आहे. बऱ्याच ठिकाणी मागची पेटी चॅसीपासून सुटी असते. इंजिन झिजलं की पेटी उचलून नव्या चॅसीवर बसवतात. आतली महागडी मांडणी वाया जात नाही.

आणि माणसं. इथे २०१४ पासून नोटफालझानिटेर म्हणजे पूर्ण पॅरामेडिक व्हायला तीन वर्षांचं शिक्षण लागतं. भारतातही २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्यात इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्टला स्थान मिळालंय. चोपडा-पाचोऱ्याच्या पोरापोरींनी या शिक्षणाकडे वळावं असं मनापासून वाटतं.

---

शिरपूर_पायलट

भाऊ, तुमनं म्हननं खरं शे. गाडी चालाडनाराले कोनी इचारत नही.

मराठीत लिहितो. मुंबई-आग्रा महामार्गावर आमचं काम. जुलै २०२३ ला पळासनेरला कंटेनरचे ब्रेक निकामी होऊन तो हॉटेलात घुसला, ते आमच्याच भागात. अशा ठिकाणी एका वेळी खूप जखमी असतात. गाडीत एकच स्ट्रेचर, मग बाकावर एकाला झोपवायला लागतं. बाक सपाट आणि पट्ट्यांसह हवा. ज्यात बाकाचं सीट उंच-सखल ते आम्हाला चालत नाही.

केबिन आणि मागच्या भागामधे खिडकी पाहिजे. डॉक्टर ओरडतात "हळू घ्या", सायरनमधे ऐकू येत नाही. इंटरकॉम असेल तर उत्तम. आणि मागे कॅमेरा. गल्लीतून रिव्हर्स घेताना पोरं मागे पळतात.

शेवटचं, लोडिंगची उंची. मागचा काठ जितका उंच तितकी आमची कंबर जाते. ऑटोलोडर स्ट्रेचरचे पुढचे पाय आपोआप दुमडतात, पण काठ उंच असला तर दुमडायच्या आधी पेशंटचं सगळं वजन दोन हातांवर येतं. रात्री पावसात करून बघा.

---

एक_देणगीदार

माझ्या आईच्या नावाने गावाला रुग्णवाहिका द्यायची इच्छा आहे. हे सगळं वाचून विचारतो, मोठी डी प्रकारची दिली तर चांगलंच ना? पैशाची काळजी नाही.

---

तापीकाठ

@एक_देणगीदार, तुमची भावना मोठी आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. डी प्रकारची गाडी चोवीस तास चालवायला तीन पाळ्यांचे पायलट आणि व्हेंटिलेटर हाताळू शकणारी तीन पाळ्यांची माणसं लागतात. ती नसतील तर व्हेंटिलेटरवर धूळ बसते आणि गाडी मृतदेह न्यायला वापरली जाते. गावात ही माणसं नसतील तर चांगली सी प्रकारची गाडी द्या, आणि उरलेल्या पैशातून पाच वर्षांचा पगार, डिझेल आणि देखभाल बांधून ठेवा. आईच्या नावाची गाडी बंद पडून तहसीलच्या आवारात उभी राहायला नको.

ऑक्सिजनचा हिशोब सगळ्यांनी लक्षात ठेवा. लहान बी टाईप सिलिंडरमधे साधारण १,५०० लिटर, मोठ्या डी टाईपमधे ७,००० लिटर. मिनिटाला १० लिटरने दिला तर लहान सिलिंडर अडीच तास पुरतो, तोही पूर्ण भरलेला असेल तर. मिनिटाला १५ लिटर लागले तर शंभर मिनिटं. धडगावहून नंदुरबार, तिथून पुढे धुळे किंवा नाशिक असा प्रवास धरा आणि मग ठरवा गाडीत काय हवं. सिलिंडरचा टाईप आणि गाडीचा टाईप यांचा एकमेकांशी संबंध नाही, यात खूप जण गफलत करतात.

---

जामनेर_रोड

>> वायरिंगचा नकाशा कागदावर लिहून घ्या

हा मुद्दा करारात टाका. पण मला एक वेगळं म्हणायचंय. राज्यात १०८ सेवा २०१४ ला सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, २३३ ॲडव्हान्स्ड आणि ७०४ बेसिक. नव्या योजनेत १,७५६ वाहनं ठरली आहेत : २५५ ॲडव्हान्स्ड, १,२७४ बेसिक, १६६ मोटारसायकली, ३६ बोटी आणि २५ नवजात बालकांसाठी. म्हणजे सरकारकडूनही मोठी भर येणार. मग ट्रस्टने तीच गाडी पुन्हा घेण्यापेक्षा जिथे सरकारी गाडी पोचत नाही तिथली छोटी गाडी घ्यावी असं मला वाटतं. मास्तरांनी सांगितलेली दोन टप्प्यांची रचना पटली.

---

रावेर_केळीबाग

थोडं विरोधात बोलतो. आधी रस्ते करा. आमच्याकडे पाल भागात पावसाळ्यात पूल पाण्याखाली जातात, मग कुठलाही टाईप असो. गाडीवर वीस-तीस लाख घालण्यापेक्षा पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) चोवीस तास डॉक्टर द्या.

---

धडगावकर_मास्तर

रावेरकर, दोन्ही पाहिजे हो. रस्ता होईपर्यंत आजारपण थांबत नाही. छत्तीसगडच्या नारायणपूरला मोटारसायकलच्या बाजूला स्ट्रेचरचा डबा जोडून गरोदर बाया खाली आणल्या जातात. रस्ता तिथेही नव्हता.

---

तापीकाठ

सगळ्यांचे मुद्दे उतरवून घेतले आणि आज संस्थेच्या बैठकीत वाचून दाखवले. छोट्या गाडीवर एकमत झालं, पण अटींवर : एकसंध लादी, वेगळी बॅटरी आणि आयसोलेटर, मागचा वेगळा एसी, पायाकडचा दिवा, सुटा स्कूप स्ट्रेचर, आतून दिसणारी दरवाजाची कडी, वायरिंगचा नकाशा आणि धडक चाचणीचा अहवाल. कंपनीच्या माणसाला फोन केला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, कडी आणि दिवा लगेच बदलून देतो म्हणाला, एसीचा खर्च वेगळा सांगितला. अहवालाबद्दल विचारून कळवतो म्हणाला. तो आल्याशिवाय आम्ही पैसे भरणार नाही.

पुढच्या रविवारी ते छोटी गाडी चोपड्याला आणतायत. वैजापूरपर्यंत वर जाऊन यायचं, एकदा रिकामी आणि एकदा स्ट्रेचरवर माणूस झोपवून. मास्तर, तुम्ही येणार का? येताना तुमच्या पाड्यावर झोळी उचलणाऱ्या दोघा-चौघांना आणा, स्कूप त्यांच्या हातात देऊन बघायचा आहे.

---

धडगावकर_मास्तर

येतो. चौघं येतील. शनिवारी रात्री शहाद्याला मुक्काम करून सकाळी निघू. पाच वर्षांचं मूल झोपवायचा पट्टा त्या स्ट्रेचरला आहे का तेवढं कंपनीला आधी विचारून ठेवा, मोठ्यांच्या पट्ट्यातून लेकरं निसटतात.